परातीतल्या गोळ्या

(धाराशिवमधला एक दवाखाना. व्यसनमुक्ती विभागाची लहानशी खोली : टेबल, खुर्च्या, फोन. सकाळचे रुग्ण अजून यायचेत.)

निकिता : ...म्हणून मला आत्ताच्या आत्ता पुण्याला फोन लावायचाय, अयोध्याताई. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा थोडा वेळ.

अयोध्या : लावा की. म्या कुठं नगं मनले? पर आदी मला येकडाव नीट सांगा, म्याडम. पुन्याचा मानूस काय सांगनार?

निकिता : तुमच्या दिरांच्या, बजरंगभाऊंच्या बाटलीत काय होतं ते. दारूची ओढ कमी करणारं खरं औषध, का तशाच दिसणाऱ्या गोळीत नुसती पूड. मला माहीत नसतं, इथल्या डॉक्टरांना माहीत नसतं, तुम्हाला तर नसतंच. ते पुण्यात कुलपात असतं. असली वेळ आली तरच उघडतात.

अयोध्या : असली मंजी?

निकिता : म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली अंगावर उलटून मांडीचं हाड मोडलंय आणि माणूस खाली अपघात विभागात ओरडतोय, असली.

अयोध्या : प्याला न्हवता बरं का. कालव्याकडंची माती ढासळली. गावात आत्ताच बोलायलेत, बजरंग्या पुन्ना प्याला मनून. कुनीबी या मनावं आन् तोंडाचा वास घ्या.

निकिता : मी कुठं म्हणाले प्यालेत म्हणून? ऐका. त्यांना दुखणं थांबवायची जोरकस सुई द्यायचीये. ती सुई डोक्यात ज्या जागी जाऊन काम करते, नेमकं त्याच जागी आपलं औषध बसतं. ते आधीच बसलेलं असलं की सुई लागत नाही. मग डॉक्टर दुसरी देणार, तिसरी देणार. आणि आपल्या औषधाचा जोर उतरला की साचलेलं सगळं एकदम अंगावर येतं. श्वास बंद पडू शकतो माणसाचा.

अयोध्या : आन् बाटलीत पूडच असली तर?

निकिता : तर काही प्रश्न नाही. सुई द्यायची, दुखणं थांबतं, पाय ओढून सरळ करायचा. लावू?

अयोध्या : लावा.

निकिता : हॅलो, धाराशिवहून निकिता बोलतेय. तातडीचं आहे. हो, डॉक्टरांची परवानगी पाठवलीय मी. थांबते... अयोध्याताई, घाम किती आलाय तुम्हाला. तो माठ आहे कोपऱ्यात, पाणी घ्या... हॅलो? हां. हां. नक्की ना? पुन्हा एकदा सांगा. बरं. ठेवते.

अयोध्या : काय मनला?

निकिता : पूड! बजरंगभाऊंच्या बाटलीत पहिल्यापासून नुसती पूडच होती. जीव भांड्यात पडला बघा. आता खाली कळवते डॉक्टरांना, द्या म्हणावं सुई.

अयोध्या : म्याडम.

निकिता : अहो, फोनवरचा हात काढा की.

अयोध्या : थोडं थांबा.

निकिता : थांबा काय? तिकडं माणूस तळमळतोय!

अयोध्या : एकांदी गोळी इकडची तिकडं झाली असंल तर?

निकिता : म्हणजे?

अयोध्या : न्हाय, म्या आपलं इचारायले. घर हाय. एका फळीवर दोगा भावांच्या दोन बाटल्या. लेकराबाळाचा हात लागतो...

निकिता : बाटल्यांवर नावं आहेत; तुमच्या मालकांचं, भागवतभाऊंचं वेगळं, बजरंगभाऊंचं वेगळं. दर महिन्याला मी स्वतः गोळ्या मोजून घेते. तुमच्या घरची एक गोळी कधी कमी निघाली नाही, एक जास्त निघाली नाही. बाकीच्या लोकांना मी माकणी गावच्या या दोन भावांचं उदाहरण देते.

अयोध्या : बरुबरच निघनार. मोजूनच भरत हुते म्या.

निकिता : भरत होतात? काय भरत होतात?... इकडं बघा, अयोध्याताई. माझ्याकडं बघा.

अयोध्या : तुमीच सांगितलं न्हवं का पयल्या दिशी. दोगा भावांना म्होरं बसवलं, मला आन् माझ्या धाकट्या जावंला, ज्ञानेश्वरीला मागं उभं केलं. तुमी मनलाव, चिठ्ठी टाकल्यावानी हाय. कुनाला खरं औषध यील, कुनाला पूड. कुनाला काय आलं ते कुनालाच कळनार न्हाय.

निकिता : सांगितलं. सांगावंच लागतं. तुम्ही मान हलवलीत.

अयोध्या : तुमच्या म्होरं मान हलवायची न्हाय तर काय करायचं? घरला गेले आन् घास उतरंना. एका आईची दोन लेकरं. एका ताटात जेवली, एका गुत्त्यात बसली, एका गटारीतनं उचलून आनली आमी. आता एक तरनार आन् एक बुडनार, आन् ते कोन ठरवनार, तर चिठ्ठी! आमच्या घरात तशी रीत न्हाय ओ.

निकिता : कसली रीत?

अयोध्या : सासूबाईंची, तुळजाबाईंची. घरात काय बी येऊ द्या. जत्रंतले बत्तासे येऊ द्या, एकीच्या म्हायेरची शिदोरी येऊ द्या, रानातल्या शेंगा येऊ द्या. तुजं तुला, माजं मला, आसं करायचं न्हाय. आदी समदं एका परातीत वतायचं, हातानं कालवायचं, मंग वाटे घालायचे. शेंगा खवट निगाल्या तर समद्यांच्याच पदरात चार खवट, चार गोड.

निकिता : अरे देवा. तुम्ही गोळ्या परातीत ओतल्या.

अयोध्या : दर म्हैन्याला. हितनं गेलं की दोनी बाटल्या वतायच्या, कालवायच्या, आन् मोजून परत भरायच्या. दिसायला तर सारख्याच. दोगांनाबी निम्मं तर निम्मं.

निकिता : पोळ्याला गोळी सुरू झाली तेव्हापासून? सगळे महिने?

अयोध्या : व्हय.

निकिता : निम्मं! निम्मं कसलं? आज औषध, उद्या पूड, परवा पुन्हा पूड, मग सलग चार दिवस औषध. कुणाच्या पोटात कधी काय गेलं त्याचा ठाव ना ठिकाणा. आणि मी वर कळवतेय, भागवतभाऊ व्यवस्थित, बजरंगभाऊ व्यवस्थित. अहो, किती लोक यात राबायलेत! हे औषध खरंच लागू पडतं का न्हाय, एवढं एक कळावं म्हणून!

अयोध्या : पडलं की लागू. दोगंबी प्याले न्हाईत.

निकिता : कशामुळं नाही प्याले, ते कळायला नको?

अयोध्या : तुमाला कळायला पायजे. मला नगं. मला माजा मानूस सांजच्याला सरळ पावलानं घरी आलेला पायजे.

निकिता : आणि तुमच्यासारख्या दुसऱ्या बाईला? उद्या हे औषध तिच्या माणसाला द्यावं का नाही, ते आम्ही कशावरून सांगायचं? तुमच्या परातीवरून?... थांबा, फोन वाजतोय. खालचाच आहे.

अयोध्या : आमच्या ह्यांचं नाव घिऊ नका, म्याडम. पाया पडते.

निकिता : हॅलो. हो सर, निरोप आलाय. पण सुई देऊ नका. नाही नाही, भरून ठेवली असली तरी देऊ नका. पुण्याहून पूड म्हणून सांगितलंय, पण त्याच्यावर विसंबू नका. गोळ्यांची मिसळ झालीय... हो, दुसऱ्या रुग्णाच्या गोळ्या. नाही, त्याचं अजून उघडलं नाही. भुलीच्या डॉक्टर कुठं आहेत? सिझेरियनला? किती वेळ?... बरं. करते.

अयोध्या : काय मनले?

निकिता : सुई थांबवली. आता नीट ऐका, मला दोनदा सांगायला वेळ नाही. भागवतभाऊंचं उघडून बघायचं. त्यांच्याही बाटलीत पूडच निघाली, तर बजरंगभाऊंच्या अंगात औषध असायचा प्रश्नच नाही. लगेच सुई. खरं औषध निघालं, तर ही सुई नाही. भुलीच्या डॉक्टर मोकळ्या झाल्या की येऊन मांडीची नस बधिर करतील. तोवर सोसायचं.

अयोध्या : आन् न उघडताच असंल औषध आसं धरून चाललं तर?

निकिता : चालेल. डॉक्टर तसंही करतील. मग बजरंगभाऊ ओरडत पडतील, कदाचित उगाचच.

अयोध्या : उघडलं तर आमच्या ह्यांचं काय?

निकिता : उघडलं की या औषधाच्या अभ्यासातून बाहेर. नियमच आहे.

अयोध्या : बाहेर मंजी गोळी बंद.

निकिता : बंद. हे औषध अजून दुकानात आलेलं नाही. तपासणी चालू आहे तोवर अभ्यासाबाहेर कुणालाच देता येत नाही.

अयोध्या : मंग नगं उघडू.

निकिता : अयोध्याताई...

अयोध्या : तुमाला ठावं न्हाय, म्याडम. तुमी ह्यांना हितं खुर्चीवर बसलेलं बगितलंय, केस विंचरून. तुळजापुरात देवीम्होरं शपत घेतली, पायऱ्या चढून वर येऊस्तवर टिकली. एका बाबाची राख खाल्ली. एका ठिकानी दार लावून कोंडून ठिवलं, तितनं सुटले ते सरळ गुत्त्यावर; घरला यायच्या आदी! दर डावाला वाटायचं, आता सुटली. शेजारपाजारच्या बाया तोंडावर मनायच्या, तुझ्या हळदीलाच दारूचा वास हुता. आन् ह्या गोळीवर पयल्यांदाच पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. परवा लेकीच्या घरी जाऊन आले. जावई पायऱ्यांपतुर आला त्यांना सोडाया. आजवर कधी आला न्हवता.

निकिता : मला सगळं कळतंय.

अयोध्या : मंग तुमी आन् मीच हाव हितं. कोन हाय तिसरं? डॉक्टरला मनावं, औषध असंल आसं समजा. बजरंगला थोडं सोसंल. त्यो दनकट हाय.

निकिता : मला तसं विचारू नका. मिसळ झाल्याचं मला पुण्याला कळवावंच लागणार आहे. आज ना उद्या.

अयोध्या : उद्या कळवा. परवा कळवा.

ज्ञानेश्वरी : अक्का! तुमी हितं बसलाव व्हय? म्या सगळा दवाखाना पालथा घातला!

अयोध्या : ज्ञानेश्वरी, काय झालं?

ज्ञानेश्वरी : काय झालं काय! चादर दातात धरलीय त्यांनी. डोळे पांढरे करायलेत. सिस्टरनं सुई भरली, हातात घेतली आन् ठेवून दिली. मनल्या, व्यसनमुक्तीतनं निरोप आल्याबिगर देता येत न्हाय. म्याडम, तुमीच ना व्यसनमुक्ती? कशाला अडवून धरलंय? बाटलीच्या मागं लागून पाय जायचा त्यांचा!

निकिता : ज्ञानेश्वरीताई, बसा. मी सांगते.

अयोध्या : तुमी नगं. म्याच सांगते. ज्ञानेश्वरी, दोगांच्या गोळ्या म्या कालवत हुते.

ज्ञानेश्वरी : कालवत मंजी?

अयोध्या : परातीत वतून. निम्म्या निम्म्या करून भरत हुते. आता बजरंगच्या पोटात काय हाय ते कुनालाच सांगता येईना. मनून सुई अडली.

ज्ञानेश्वरी : मला न इचारता?

अयोध्या : तुला काय इचारायचं हुतं? तू शिकलेली. नगं मनली असतीस.

ज्ञानेश्वरी : नगंच मनले असते! माझ्या नवऱ्याच्या नावाची बाटली, तिच्यातली निम्मी काढून घेतली तुमी!

अयोध्या : काढली न्हाय. कालवली.

ज्ञानेश्वरी : एकच झालं ते! वाटलं असंल तुमाला, धाकट्याच्या नशिबात चांगली गोळी आली तर? आपला तसाच ऱ्हायचा आन् धाकटा सुधारायचा. त्यापरीस कालवलेलं बरं. परातीचं निमित्त, सासूबाईंचं नाव! सगळं ठावं हाय मला.

अयोध्या : तसं न्हवतं ग.

ज्ञानेश्वरी : मंग कसं हुतं? त्या घरात तुमी थोरल्या, समदं तुमच्या हातात. गोळीबी तुमच्याच हातात!

निकिता : ज्ञानेश्वरीताई, बास. बजरंगभाऊंचं आत्ताच उघडून बघितलंय. त्यांच्या बाटलीत पूड होती.

ज्ञानेश्वरी : काय?

निकिता : नुसती पूड. पहिल्यापासून.

ज्ञानेश्वरी : मंजी त्यांच्यातनं चांगलं असं काय गेलंच न्हाय.

निकिता : गेलं नाही. आलं असेल तर भागवतभाऊंच्या बाटलीतून आलं असेल. त्यांचं अजून उघडलेलं नाही.

ज्ञानेश्वरी : मंग उघडा की! वाट कुनाची बगायलाव?

निकिता : उघडलं की भागवतभाऊंची गोळी बंद होते. कायमची.

ज्ञानेश्वरी : ...अक्का.

अयोध्या : बोल.

ज्ञानेश्वरी : म्या काय बोलू? मला काय बोलायला ठेवलंय?

अयोध्या : हे कुठं हायती?

ज्ञानेश्वरी : भावाच्या उशाला. ह्यांचा हात धरून उभे हायत मघापासनं. सिस्टर सरका मनल्या, तरी हलंनात. रडायलेत, अक्का. मानूस शुद्धीवर राहून रडायलाय. म्या त्यांना पयल्यांदाच बगितलं आसं.

अयोध्या : काय मनले का?

ज्ञानेश्वरी : मनले, तुझी अक्का वर गेलीय, ती बगंल. जे करायचं ते कर मनावं, पर ह्याचं दुखनं थांबव.

अयोध्या : इकडं आड, तिकडं हीर. आन् मधी म्याच उभी. म्याडम, आत्ता मनले न्हवते का म्या, त्यो दनकट हाय, सोसंल मनून? धाकट्या दिराला म्या आसं मनले. लगीन हून आले तवा चड्डी घालून फिरायचा त्यो. माज्या हातचं जेवून मोटा झालाय.

निकिता : अयोध्याताई, वेळ जातोय.

अयोध्या : लावा फोन. ह्यांचं नाव सांगा, भागवत. उघडा मनावं.

निकिता : नक्की?

अयोध्या : पुन्ना इचारू नका. पुन्ना इचारलं तर न्हाय मनंल म्या.

निकिता : हॅलो, पुन्हा निकिता. आणखी एक उघडायचंय. हो, त्याच घरातला, थोरला भाऊ. गोळ्यांची अदलाबदल झालीय. लेखी देते मी मागून, आधी सांगा... हो. हो... कळलं. औषध.

ज्ञानेश्वरी : औषध?

निकिता : भागवतभाऊंच्या बाटलीत खरं औषध होतं. शेवटची गोळी कधी घेतली बजरंगभाऊंनी?

अयोध्या : काल सांजच्याला. आपल्या हातानं दिली म्या.

निकिता : हॅलो, सर. सुई नको. अंगात औषध असू शकतं, अगदी कालची गोळी. हो, आता खात्रीनं सांगतेय, ती सुई अजिबात नको. भुलीच्या डॉक्टर?... निघाल्या? हात धुवून सरळ तिकडंच? बरं झालं. हो, सर. घरच्यांनीच सांगितलं... हो. सांगते त्यांना.

ज्ञानेश्वरी : काय मनले?

निकिता : डॉक्टर येतायत. तोवर दुसरं, साधं औषध शिरेतून लावलंय. आणि म्हणाले, पूड समजून सुईमागून सुई देत बसलो असतो तर हा माणूस हातचा गेला असता. सांगणाऱ्या बाईंना माझा निरोप द्या म्हणाले.

अयोध्या : काय निरोप?

निकिता : बरं केलंत म्हणून.

अयोध्या : बरं कसलं? करायला गेले गनपती आन् झाला मारुती. म्या कालवलं नसतं तर पयलीच सुई लागली असती त्याला.

ज्ञानेश्वरी : आन् कालवलं नसतं तर सगळं औषध थोरल्या दादांना मिळालं असतं. त्यातलं निम्मं तुमी आमाला घातलं.

अयोध्या : मला कुठं ठावं हुतं?

ज्ञानेश्वरी : ठावं असतं तर?

अयोध्या : ...ते नगं इचारू, ज्ञानेश्वरी. ठावं असतं तर परात काढली असती का न्हाय, ते मला सांगता यायचं न्हाय.

ज्ञानेश्वरी : म्या तुमाला नगं ते बोलले, अक्का.

अयोध्या : बोललीस. जा आता खाली. बधिर करताना त्याच्या डोळ्याम्होरं तुजं तोंड असू दे.

ज्ञानेश्वरी : तुमी?

अयोध्या : आलेच. जा.

निकिता : गेल्या त्या. अयोध्याताई, एक राहिलं. येताना गोळ्या घेऊन या असं डॉक्टरांनी कळवलं म्हणून फळीवरच्या दोन्ही बाटल्या आणल्यात ना तुम्ही? त्या जमा कराव्या लागतील.

अयोध्या : पिशवीत हायत. ह्या घ्या. मगाशी वाटलं हुतं, सांगावं घरीच ऱ्हायल्या मनून. म्हैनाभर तरी ढकलला असता.

निकिता : मग?

अयोध्या : मग काय? ह्यातली औषधाची कंची आन् पुडीची कंची, तुमाला तरी वळखंल का?

निकिता : नाही.

अयोध्या : मला तर न्हायच. मोजून घ्या.

निकिता : नको. राहू द्या. मघाशी मी जास्त बोलले तुम्हाला. राग अजून आहे मला, खोटं कशाला सांगू. कितीतरी लोकांची मेहनत आहे यात. पण भागवतभाऊंना सोमवारी घेऊन या. अभ्यास संपला म्हणजे दार बंद झालं असं नाही. बसून बोलू, जुनी औषधं आहेत, त्यातलं एखादं लागू पडतं का बघू.

अयोध्या : जुनी घिऊन झाली समदी.

निकिता : तेव्हा ते रोज पीत होते. आता इतके महिने कोरडे आहेत. फरक पडतो... त्यांना मी सांगू का?

अयोध्या : म्याच सांगते. भावाचा हात धरून हायती तवरच सांगते. हात सोडून कुठं जानार न्हाईत.

निकिता : आणि आज संध्याकाळी, गोळीच्या वेळेला? तीच वेळ अवघड असते, अयोध्याताई. मन त्याच वेळी मागतं.

अयोध्या : मला ठावं हाय. गोळी न्हाय, पर येळ तर हुनारच. पान्याचा तांब्या घिऊन बसते म्होरं.